छोटे स्कूल डिस्ट्रिक्ट विलीन करण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. परखड लिहिलंत, आवडलं. माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या खेड्यात तीनशे मुलांच्या स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) स्वतंत्र अधीक्षक, म्हणजे मुख्य प्रशासक, आणि स्वतंत्र निवडून आलेलं मंडळ ही उधळपट्टी आहे. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन करावं, छोटे डिस्ट्रिक्ट टिकावेत असं लिहिताना मी उगाच हळवा होतोय.

अगदी छोटे डिस्ट्रिक्ट एकत्र आले की मुलामागचा खर्च घटतो, हे मान्य. लेखात ते यायला हवं होतं. पण हा उपाय काही नवा नाही. १९४० च्या सुमारास तिथे १ लाख १७ हजारांवर डिस्ट्रिक्ट होते, आज १३ हजारांच्या आसपास आहेत. जे सहज जोडता येण्यासारखे होते ते केव्हाच जोडून झाले.

आर्कान्सा राज्यातल्या लेक व्ह्यूचं बघा. मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा भागातलं गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचं गाव. शाळांचा निधी अपुरा आणि विषम आहे म्हणून या डिस्ट्रिक्टने १९९२ मध्ये थेट राज्यावर दावा लावला. दहा वर्षं झुंज दिली. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निधीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर जे कायदे झाले त्यांत २००४ चा एक असा: सलग दोन वर्षं ३५० पेक्षा कमी मुलं असली की विलीन व्हायचं. त्याच वर्षी लेक व्ह्यू बार्टन-लेक्सा डिस्ट्रिक्टमध्ये गेला. दावा जिंकलेल्या गावाचं मंडळच उरलं नाही. याला नुसती काटकसर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्हाला अधीक्षकाचा पगार खटकतो. अशा ठिकाणी तोच बऱ्याचदा मुख्याध्यापक असतो, ड्रायव्हर आला नाही तर शाळेची बसही चालवतो. रात्री बर्फ पडला की पहाटे अंधारात गाडी काढतो, कुठल्या उतारावर चाक घसरतंय ते स्वतः बघतो, आणि मग शाळा भरवायची की नाही ते घरोघरी कळतं. तालुक्याएवढ्या अंतरावरच्या कार्यालयात बसून तो उतार कोणाला माहीत असणार?

पैसे वाचवायचेच तर वाटून घेण्याची सोय आहे. न्यूयॉर्क राज्यात १९४८ पासून डिस्ट्रिक्ट मिळून 'बोसेस' नावाच्या सहकारी संस्था चालवतात. विशेष शिक्षण, व्यवसाय शिक्षण असं एकट्याला न झेपणारं त्यांच्याकडे असतं. आयोवात दोन डिस्ट्रिक्ट मिळून एकच अधीक्षक नेमतात, काही इयत्ता याच्याकडे, काही त्याच्याकडे. मंडळं मात्र आपापली. हा भाग मी मूळ लेखात दोन ओळींत गुंडाळला, ती चूक माझी. आज रात्री त्यात भर घालतो.