तोंड काळं करायला बेदरला

आमच्या आत्याच्या नजरेला एखादी वस्तू काळी दिसली की त्या वस्तूचे दिवस भरले म्हणून समजावं. दिवाळीच्या आधी आठ दिवस ती अंबाजोगाईहून आमच्याकडे उदगीरला येते, पदर खोचते आणि घर ताब्यात घेते. समई, तांब्याचा बंब, निरांजनं, नळाच्या तोट्या, कुणालाच माफी नाही. एकदा तिने माझ्या काळ्या बुटांकडेही जरा विचारात पडल्यासारखं पाहिलं होतं.

यंदा तिची नजर शोकेसमधल्या फुलदाणीवर गेली. काळीभोर, तिच्यावर चांदीची वेल, पानं, बारीक फुलं. चिंच, मीठ, काथ्या, मग राख आणि शेवटी पितळ घासायची पावडर, अशी दोन दुपारी तिची सेवा झाली. तिसऱ्या दिवशी फुलदाणी जस्ताच्या बादलीच्या रंगाची होऊन टेबलावर उभी होती. वेल कुठे सुरू होते आणि भांडं कुठे संपतं, ते शोधायला चष्मा लागत होता.

"वीस वर्षांची काजळी होती बघ," आत्या म्हणाली. "हात दुखून आले."

बायको स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. "आत्या, ती बिदरी आहे, बेदरची कारागिरी. ती काळीच असते."

"काळीच असते? मग घेतली कशाला?"

घेतली नव्हती, हीच तर गोम होती. आमच्या लग्नात हिच्या थोरल्या काकांनी, म्हणजे हैदराबादच्या नानाकाकांनी ती दिलेली. नानाकाका येतात तेव्हा चहाच्या आधी शोकेससमोर उभे राहतात, हात मागे बांधून, आणि मान डोलावतात. त्यांचा फोन आदल्याच रात्री आला होता. रविवारी येतोय म्हणून. म्हणजे गुन्हा माझ्या आत्याचा, वस्तू बायकोच्या काकांची आणि न्यायाधीश बायको. या रचनेत नवऱ्याची जागा कुठे असते, ते विवाहितांना सांगायला नको.

शेजारच्या सरांनी धीर दिला. "बेदरला न्या की. तिथले कारागीर परत काळं करून देतात."

शुक्रवारी सकाळी मी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "तोंड काळं करायला बेदरला चाललोय," असं म्हणावंसं वाटलं, पण "घरगुती काम" म्हणालो. अडीच किलोची फुलदाणी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. मागे बायको, तिच्याशेजारी आत्या. आत्याला नेण्याची गरज नव्हती. पण ती म्हणाली, "माझा जन्म बेदर जिल्ह्यातला आहे." आणि ते खरंच आहे. 1956 पर्यंत उदगीर बेदर जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचनेने उदगीर मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलं, आत्या मात्र अजून पूर्ण आलेली नाही.

पाटीवर बीदर लिहिलेलं असलं तरी आमच्यासाठी ते बेदरच. दामाजीपंतांच्या गोष्टीतलं. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं पंतांनी लोकांना खुली केली, बेदरचा बादशहा खवळला आणि विठोबा विठू महाराच्या रूपात येऊन थैलीतून धान्याचे पैसे ओतून गेला. लहानपणी ती गोष्ट ऐकताना मला वाटायचं की बेदर हे वसुली कार्यालयाचं नाव आहे.

तटबंदीच्या आत शिरलो आणि दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "चौबाऱ्याकू आव, बाजूकूच है." चौबारा म्हणजे जुन्या शहराच्या बरोबर मध्यावरचा गोल बुरूज, सुमारे 71 फूट उंच. चार रस्ते तिथे मिळतात आणि नवख्याला चारही सारखेच दिसतात. आम्ही त्याला साडेतीन प्रदक्षिणा घातल्या. लांबून येणारी फौज दिसावी म्हणून बांधलेला मनोरा, आणि त्याच्या पायथ्याशी उभं राहून आम्हाला शंभर पावलांवरचं दुकान दिसेना. चौथ्या फेरीला एका रिक्षावाल्याने स्वतःहूनच विचारलं, "बिदरी?" आमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं.

गल्लीत ठक ठक ठक असा बारीक आवाज चालू होता. दुकान पुढे, कारखाना मागे, आणि मागे म्हणजे एक खोली. चाचा जमिनीवर बसून डबीवर वेल कोरत होते. डबी मेणाने दगडावर घट्ट बसवलेली. त्यांनी टॉवेल सोडला, फुलदाणी उजेडात फिरवली आणि एखाद्या डॉक्टरने उपचारांआधी घरच्यांची चौकशी करावी तसं विचारलं, "किने घिसे इसकू?"

कुणी बोललं नाही. आत्याने छताकडे पाहिलं.

"अम्मा ने," चाचा स्वतःच म्हणाले. "हर दिवाली के बाद दो-चार आते. फिकर नक्को करो."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मला आमच्या शोकेसबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. सोळा भाग जस्त, एक भाग तांबं, असं वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. बाहेर येतं ते आत्याच्या फुलदाणीच्याच रंगाचं, राखाडी. कानशीने गुळगुळीत करून मोरचूद लावतात, म्हणजे भांडं तात्पुरतं काळं होतं आणि कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची. कागदावर पेन्सिलने काढतात तशी ते छिन्नीने थेट धातूवर फुलं काढत होते, खाली ना खडू ना छाप. एक तार पाकळीच्या टोकाशी वळवली, हातोडीचे तीन हलके टोले दिले, उरलेली नखाने तोडली. आमच्या फुलदाणीवरची दोन पानं आत्याच्या काथ्याने उडवली होती. ती नवी बसवायला वेळ लागणार होता. "चार बजे आव. किला देख लेव तब तक."

तीन तास बेदर बघायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत फक्त मीठ चाखून उठायचं. पण निघालो.

महमूद गवानचा मदरसा जवळच होता. 1472 चा. महमूद गवान इराणातल्या गिलानहून आलेला, बहमनी राज्याचा वजीर झालेला माणूस. मिनारावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकचकीत फरश्यांचे तुकडे अजून टिकून आहेत. मिनार मात्र एकच. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला होता, 1696 मध्ये त्याचा भडका उडाला आणि पुढची बरीच बाजू गेली. आत्या उरलेल्या फरश्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मला धास्ती वाटली, पण मिनार उंच होता.

"पुढे काय झालं त्या वजिराचं?" तिने विचारलं.

मी सांगितलं की दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र बनवलं आणि सुलतानाने चौकशी न करता 1481 मध्ये त्याचं डोकं उडवलं.

"बघ," आत्या सुनेकडे वळून म्हणाली. "नीट विचारपूस न करता माणसाला दोष दिला की असं होतं."

"आत्या, पावडर तुमच्याच हातात होती," बायको म्हणाली. महमूद गवानचा एवढा थेट उपयोग यापूर्वी कुणी केला नसेल.

किल्ल्यात चालून चालून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. खडक फोडून केलेला तिपेडी खंदक, शर्झा दरवाज्यावरचे वाघ, सोळा खांब मशीद, सगळं पाहिलं. वर हवाई दलाची विमानं घिरट्या घालत होती. तख्त महालाशी आत्याने चपला काढल्या आणि हात जोडले. "इथंच ओतली असेल थैली," ती म्हणाली. बादशहा कुठला, दरबार कुठला, असल्या प्रश्नांत मी पडलो नाही. मीसुद्धा हळूच हात जोडले. फुलदाणीचं काम होतं ना.

रंगीन महालात मात्र तिघंही गप्प झालो. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम पाहून आत गेलो, तर काळ्याभोर दगडात शिंपले बसवलेले. वेली, फुलं, अक्षरं. पांढऱ्यावर निळसर-गुलाबी झाक, बाजूने हललं की बदलणारी. काळ्यात पांढरं जडवायचं, तेच बिदरीचं गणित, फक्त जस्ताच्या जागी दगड आणि चांदीच्या जागी शिंपला. आत्या अगदी जवळ गेली. बोट पुढे केलं, मागे घेतलं.

"काळं आहे म्हणून दिसतंय गं," ती सुनेला म्हणाली. सकाळपासूनची ही तिची पहिली माघार. बायकोने तिला पर्समधली गोळी दिली.

चार वाजता चाचा तयार होते. फुलदाणी गुळगुळीत होऊन मंद आचेवर ठेवलेली. शेजारी पातेल्यात माती. ही माती किल्ल्यातली, जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही अशा जागेतली. नवसागर घालून पाण्यात कालवतात आणि गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळं पडतं, चांदीला काही होत नाही. माती चांगली की नाही, हे चाचा कसं ओळखतात? चिमूटभर जिभेवर ठेवतात.

"बघू," आत्या म्हणाली, आणि आम्ही अडवायच्या आत तिनेही चिमूट तोंडात टाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहत चव घेतली. खोलीत शांतता.

"खारट आहे," आत्या म्हणाली.

"बराबर," चाचा खूश झाले. "अम्मा कू समझता."

मग त्यांनी ओली माती हाताने चोळली, आणि आमच्यासमोर राखाडी रंग तपकिरी झाला, मग धुरकट, मग काळा, असा काळा की त्यात खिडकी दिसायला लागली. धुऊन तेलाचा हात फिरवला तशी वेल वर आली. नवी दोन पानं जुन्यांपेक्षा जरा जास्तच चमकत होती. आत्याने पैसे देऊ केले आणि मी ते देऊ दिले. वंशावळीत अशी संधी पुन्हा येत नाही.

रविवारी नानाकाका आले. चहाच्या आधी शोकेससमोर उभे राहिले, हात मागे बांधून. बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं. काकांनी मान डोलावली.

"छान वस्तू आहे," ते म्हणाले. "मी दर वेळी बघतो. कुणी दिली हो तुम्हाला?"

"तुम्हीच की, काका. लग्नात."

"मी? छे. मी मिक्सर दिला होता. तीन भांड्यांचा." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "चालतो का अजून?"

मिक्सर चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आत्याने दारावरच्या भांडेवालीला देऊन टाकला होता. त्याच्या बदल्यात स्टीलची दोन पातेली आली होती, आणि त्यातल्याच एकात काकांचा चहा उकळत होता.