युगोस्लाव खेळाडूची वाटणी, घरच्या घरी

रात्री उशिराचा सामना सुरू असतो, पडद्यावर ‘-इच’ने संपणारं आडनाव झळकतं आणि शेजारी बसलेला विचारतो, "हा कुठला रे?" अशा वेळी जर्सी बघून उत्तर देऊ नका. खेळाडू ज्या देशाकडून खेळतो तोच त्याचा देश, ही समजूत ब्राझील किंवा आइसलंडसारख्या सरळ देशांपुरती ठीक आहे. माजी युगोस्लावियाच्या खेळाडूला जर्सी ही फक्त सुरुवात असते.

लागणारं सामान बेताचंच आहे. एक खेळाडू, नावाजलेला (राखीव फळीतल्या बचावपटूसाठी कुणी भांडत नाही). त्याच्या आईवडिलांची आणि चारही आजीआजोबांची जन्मगावं. सहा प्रजासत्ताकांचा (सर्बिया, क्रोएशिया, स्लोवेनिया, बोस्निया, मॅसेडोनिया, मॉन्टेनेग्रो) जुना नकाशा आणि त्यावर ठेवायला आजचा. शिवाय त्याने नुकताच गोल मारलाय की पेनल्टी हुकवलीय, याची ताजी खबर. ही शेवटची वस्तू विसरलात तर बाकीची मेहनत पाण्यात.

आधी शब्द पक्के करा. त्या भागात नागरिकत्व वेगळं आणि ‘नात्सिओनाल्नोस्त’, म्हणजे राष्ट्रीयता, वेगळी. नागरिकत्व पासपोर्टवर असतं. दुसरी गोष्ट जनगणनेत सांगायची असते, आणि तिथे युगोस्लाव नागरिक स्वतःला सर्ब, क्रोएट, स्लोवेन, मॅसेडोनियन, मॉन्टेनेग्रिन म्हणवू शकत असे. १९७१ पासून ‘मुस्लिम’ हीसुद्धा एक राष्ट्रीयता झाली: मोठ्या ‘एम’ने लिहिलं तर राष्ट्रीयता, लहानने लिहिलं तर धर्म. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे या मुद्द्यावर मराठी वाचक कायमचा बाद आहे. १९९३ मध्ये त्या राष्ट्रीयतेचं नाव ‘बोस्नियाक’ झालं. ‘बोस्नियन’ मात्र बोस्नियात राहणारा कुणीही. या दोन शब्दांत गल्लत केलीत तर बोस्नियाची राजधानी सारायेवोपासून अमेरिकेतल्या सेंट लुईसपर्यंतचे लोक तुम्हाला दुरुस्त करायला धावतील, प्रत्येक जण वेगळं सांगत. १९८१ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख लोकांनी स्वतःला नुसतं ‘युगोस्लाव’ लिहवून घेतलं होतं. त्यांचा विचार करू नका, त्याने हिशेब बिघडतो.

नवशिके इथून थेट जन्मगावाकडे धावतात. धावू द्या, पण झेनित्सा हे गाव दाखवून एकदा सावध करा. बोस्नियातलं पोलादाच्या कारखान्याचं हे शहर. इथे जन्मलेला एल्विर बोलिच बोस्नियाकडून खेळला. इथेच जन्मलेला म्लादेन क्र्स्तायिच सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोकडून खेळला, पुढे सर्बियाचा प्रशिक्षक झाला. आणि इथेच जन्मलेला देयान लोव्रेन क्रोएशियाकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. गाव एक, संघ तीन. बियेलिना घेतलंत तर आणखी पंचाईत: सावो मिलोशेविच तिथला, तो बेलग्रेडच्या संघाचा, झ्लातान इब्राहिमोविचचे वडीलही तिथलेच, आणि तो स्वीडनचा. शिवाय गावांची नावंही जागेवर राहत नाहीत. साविचेविच आणि मियातोविच जन्मले मॉन्टेनेग्रोतल्या टिटोग्राडमध्ये. ते शहर १९९२ पासून पुन्हा पोडगोरित्सा आहे. जन्मदाखल्यावरचं शहर नकाशावर सापडलं नाही तर घाबरू नका, नकाशा बदला.

आडनावाच्या शेवटी असलेल्या ‘च’वरून ओळखण्याची पद्धत जाणकारांत लोकप्रिय आहे. सर्बो-क्रोएशियनमध्ये ‘च’ तीन: एक आपल्या ‘चमच्या’तला, उरलेले दोघे ‘चहा’तल्या ‘च’चे सख्खे भाऊ, एक जाड आणि एक नाजूक. स्लोवेन लिपीत नाजूक भाऊ नाहीच. म्हणून झाहोविचच्या शेवटचं चिन्ह भिंगातून बघून तो स्लोवेनिया म्हणून कापता येतो. पण स्लोवेनियाचा गोलरक्षक हान्दानोविच तोच नाजूक ‘च’ मिरवत ल्युब्लियानात जन्मला, हे कुणी काढलं की विषय बदलावा.

आता अवघड गिऱ्हाईक: रोबेर्ट प्रोसिनेच्की. याच्यावर हात बसला की बाकीचे किरकोळ. जन्म पश्चिम जर्मनीतल्या श्वेनिंगेनचा, वडील क्रोएट, आई सर्ब. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब, तिथल्या दिनामो क्लबात वाढला. तिथले प्रशिक्षक ब्लाजेविच म्हणाले, हा फुटबॉलपटू झाला तर मी माझा डिप्लोमा खाईन. निदान गोष्ट तशी सांगतात. पोरगा सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला, रेड स्टार क्लबात गेला. १९८७ साली चिलीत युगोस्लावियाने युवा विश्वचषक जिंकला तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच. १९९० च्या विश्वचषकात त्याने युगोस्लावियासाठी संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध गोल मारला, १९९१ ला रेड स्टारबरोबर युरोपियन कप उचलला, आणि १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियासाठी जमैका आणि नेदरलँड्सविरुद्ध गोल मारले. दोन देशांसाठी विश्वचषकात गोल करणारा तो एकटाच. १९९८ ला त्याचा प्रशिक्षक कोण? तेच ब्लाजेविच, जे स्वतः बोस्नियातल्या त्राव्निकचे. पुढे प्रोसिनेच्की प्रशिक्षक झाला आणि रेड स्टार, अझरबैजान, बोस्निया, मॉन्टेनेग्रो असा फिरला.

अशा खेळाडूचे तुकडे करताना चाकू सालाप्रमाणे चालवावा. १९९० चा गोल बेलग्रेडच्या पदरात टाका, १९९८ चे झाग्रेबच्या, आणि १९९१ चा कप आला की गप्प बसा. त्या रेड स्टारमध्ये पान्चेव आणि नाय्दोस्की मॅसेडोनियाचे, साविचेविच मॉन्टेनेग्रोचा, बेलोदेदिच रोमानियातला सर्ब. कपाची वाटणी करायला बसलात तर कान कुणाला द्यायचे हेही ठरणार नाही.

ज्यांना इतका अभ्यास नको त्यांच्यासाठी राष्ट्रगीताची कसोटी आहे. कॅमेरा ओठांवरून फिरतो, तुम्ही मोजत राहायचं. मे २०१२ मध्ये सर्बियाचे प्रशिक्षक सिनिशा मिहायलोविच यांनी ती अधिकृतच केली. स्पेनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्याआधी सर्बियातल्याच नोवी पाझारचा बोस्नियाक अदेम ल्यायिच राष्ट्रगीत म्हणाला नाही, म्हणून त्याला घरी पाठवलं. समोर उभ्या असलेल्या स्पेनच्या अकरा जणांची मात्र कुणी चौकशी केली नाही, कारण त्यांच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. बोस्नियाच्याही राष्ट्रगीताला अधिकृत शब्द नाहीत. म्हणजे देशभक्तीत नापास व्हायचं नसेल तर कुठे जन्माला यावं हे कळलं. मिहायलोविच स्वतः वुकोवारचे, वडील सर्ब, आई क्रोएट. वुकोवार आज क्रोएशियात. ल्यायिच पुढे परतला आणि २०१८ चा विश्वचषक सर्बियाकडूनच खेळला.

देशच मध्ये संपला तर? अडचण मानू नका, त्यालाही वहिवाट आहे. २१ मे २००६ ला मॉन्टेनेग्रोत सार्वमत झालं, ५५ टक्क्यांची अट थोडक्यात पार झाली, ३ जूनला स्वातंत्र्य जाहीर. ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’चा संघ तोवर जर्मनीतल्या विश्वचषकाच्या दारात उभा. संघ खेळला. जो देश ३ जूनला संपला तो १६ जूनला अर्जेंटिनाकडून ०-६ ने हरला. राष्ट्रगीत वाजलं ते त्याच्याही आधीच्या युगोस्लावियाचं. संघात मॉन्टेनेग्रोत जन्मलेला एकच, गोलरक्षक येव्रिच, आणि ते सहाही गोल त्याच्याच जाळ्यात गेले. नव्या देशाच्या फुटबॉल इतिहासाला याहून कडू बाळकडू मिळणं कठीण. त्याच संघातला इवान एर्गिच क्रोएशियातल्या शिबेनिकमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात वाढला आणि स्वित्झर्लंडच्या क्लबातून आला होता. देयान स्तान्कोविच तर जागचा हललाही नाही आणि तीन देशांकडून विश्वचषक खेळला: १९९८ ला युगोस्लाविया, २००६ ला सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो, २०१० ला सर्बिया.

बाहेर वाढलेल्यांच्या बाबतीत फिफाचा नियम पाठ हवा: खेळाडू, त्याचे आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कुणी त्या भूमीवर जन्मलेलं हवं, तेही नसेल तर तिथे काही वर्षांचं वास्तव्य, अठराव्या वर्षानंतर राहायला आल्यास पाच वर्षं. पण नियमापेक्षा बोलण्याच्या ढबीकडे लक्ष ठेवा. २२ जून २००६, श्टुटगार्ट, क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. क्रोएशियाच्या बचावफळीत योसिप शिमुनिच, जन्म कॅनबेराचा. दिदुलित्सा आणि शेरिच हेही क्रोएशियाच्या चमूतले, जन्म ऑस्ट्रेलियातले. समोर ऑस्ट्रेलियाकडून विदुका, स्कोको, पोपोविच, कालात्स: मुळं क्रोएशियात. इंग्लिश रेफरी ग्रॅहम पोल यांनी शिमुनिचला ६१ व्या मिनिटाला पिवळं कार्ड दाखवलं, ९० व्या मिनिटाला दुसरं दाखवलं, आणि तरी तो मैदानावरच. भरपाई वेळेत तिसरं दाखवलं तेव्हा लाल निघालं. पोल यांनी पुढे दिलेला खुलासा असा की दुसरं कार्ड त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या, म्हणजे क्रेग मूरच्या नावावर लिहिलं. शिमुनिचचा नंबरही तीन आणि तोंडात अस्सल ऑस्ट्रेलियन इंग्रजी. राष्ट्रीयत्व कानांनी ठरवण्याचा विश्वचषकातला हा सर्वांत गंभीर प्रयोग. पोल यांना त्यानंतर त्या स्पर्धेत सामना मिळाला नाही.

कोसोवोच्या, म्हणजे सर्बियापासून वेगळ्या झालेल्या, बहुतांशी अल्बानियन वस्तीच्या मुलखाच्या वाटेला जाणार असाल तर जेवून बसा. २०१६ च्या मे महिन्यात कोसोवोला युएफा (युरोपची फुटबॉल संघटना) आणि फिफाचं सदस्यत्व मिळालं. ५ सप्टेंबरला फिनलंडमधल्या तुर्कूत पहिला अधिकृत सामना. काही खेळाडूंना संघ बदलायची परवानगी आली ती सामन्याच्या काही तास आधी. त्यांच्यातला वालोन बेरिशा स्वीडनमधल्या मालमोत जन्मलेला (झ्लातानचंच गाव) आणि तोवर नॉर्वेकडून खेळलेला. त्याने पेनल्टीवर गोल मारला, १-१. तोवर कोसोवोची मुलं इतरांकडे दिलेली होतीच. त्याच वर्षी ११ जूनला लान्समध्ये युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडकडून ग्रानित जाका आणि अल्बानियाकडून त्याचा सख्खा भाऊ ताउलान्त समोरासमोर. आई प्रेक्षकांत, अंगात अर्धा स्विस आणि अर्धा अल्बानियन झेंडा असलेला टीशर्ट. दोन वर्षांनी कालिनिनग्राडला स्वित्झर्लंडने सर्बियाला २-१ हरवलं. गोल मारणारे ग्रानित जाका आणि शाकिरी यांनी हातांनी अल्बानियाच्या झेंड्यावरचा दुतोंडी गरुड केला. दंड प्रत्येकी दहा हजार स्विस फ्रँक. कर्णधार लिश्टश्टायनरनेही गरुड केला, त्याला पाच हजार. गरुडाशी रक्ताचं नातं नसल्याने पन्नास टक्के सूट, असा आमचा अंदाज.

स्पेन कोसोवोला मान्यता देत नाही. मार्च २०२१ मध्ये सेव्हियात दोघांचा सामना झाला तेव्हा स्पॅनिश टीव्हीने गुणफलकावर स्पेनची अक्षरं मोठी आणि कोसोवोची लहान ठेवली. मोठं-लहान अक्षर इतकं का महत्त्वाचं, ते आता लक्षात आलं असेल.

भारतातही ही विद्या येऊन गेली. चिलीत जिंकलेल्या त्या १९८७ च्या संघातला इगोर श्तिमात्स २०१९ ते २०२४ आपल्या संघाचा प्रशिक्षक होता. परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे खेळाडू घेऊ द्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. एका खेळाडूवर चार देश हक्क सांगतात अशा मुलखातून आलेल्या माणसाला ‘एकच पासपोर्ट, तोही भारतीय’ ही अट केवढी कंजूष वाटली असेल!

आता ती शेवटची वस्तू. गोल मारला असेल तर मागे जायचं, थेट आजीपर्यंत. पेनल्टी हुकवली असेल तर पासपोर्टपाशी थांबायचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये झ्लातानने इंग्लंडला चार गोल मारले, चौथा लांबून उलट्या उडीचा. त्या रात्री वडील बोस्नियाक, आई क्रोएट हे आठवायला हरकत नाही. ज्या स्पर्धेला स्वीडन पात्र ठरत नाही तेव्हा तो स्विडिश.

सरावासाठी एक जुनं गणित देतो. ३० जून १९९०, फ्लोरेन्स, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, युगोस्लाविया विरुद्ध अर्जेंटिना. प्रशिक्षक सारायेवोचे इवित्सा ओसिम. (बोस्नियाच्या फुटबॉल संघटनेत तीन समाजांचे तीन अध्यक्ष आळीपाळीने बसत, म्हणून २०११ ला फिफाने तिला निलंबित केलं. तेव्हा निस्तरायला बोलावले गेले तेही हेच.) गोलशून्य बरोबरी, शूटआउट. निशचा स्तोयकोविच, चेंडू आडव्या दांड्यावर. प्रोसिनेच्की, गोल. साविचेविच, गोल. मध्ये माराडोनाचीही अडते. मग टिटोग्राडचा ब्र्नोविच, अडवली. मग सारायेवोचा फारुक हाजीबेगिच, अडवली. अर्जेंटिना ३-२.

दोन गोलांवर हक्क सांगणारे भरपूर सापडतील: प्रोसिनेच्कीचा झाग्रेबही मागतं, बेलग्रेडही, साविचेविचचा पोडगोरित्सा. चेंडू दांड्याला लागला ते नशीब, म्हणून स्तोयकोविच सर्बियाला चालतो. हाजीबेगिचची ती शेवटची पेनल्टी घ्यायला मात्र अजून कुणी पुढे आलेलं नाही.