यादीत नारळ नव्हता

भिशीत बायका काय ठरवतील याचा नेम नसतो, हे आमच्या घरी सगळ्यांना मान्य आहे. तरी "आम्ही केदारकंठ्याला चाललोय" म्हटल्यावर ह्यांनी पेपर खाली ठेवला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि केदारकंठ्याचं शिखर ३,८०० मीटरवर. मधल्या उंचीचा आमचा अनुभव म्हणजे इंदूरजवळचा जानापावचा डोंगर, पावसाळ्यात, तेही गाडीनं थेट देवळापर्यंत.

सासूबाईंना मात्र आनंद झाला, कारण त्यांनी फक्त 'केदार' एवढंच ऐकलं होतं. "आई, केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेलाच बंद झाले. हा वेगळा डोंगर, उत्तरकाशीकडचा. बर्फात चढायचा असतो," असं मी दोनदा सांगून पाहिलं. "केदार तो केदार," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत स्नेहलतागंजपासून सुदामानगरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना खबर पोचली की सूनबाई यात्रेला निघाल्या. मग पाकिटं यायला लागली. आत्याबाईंचे एक्कावन्न रुपये, मामींनी वाळवून ठेवलेला बेल, आणि खुद्द सासूबाईंचा नारळ, शेंडीसकट.

ट्रेक कंपनीच्या यादीत नारळ नव्हता. यादीत होतं ते असं : अंगाला लागून घाम बाहेर टाकणारा कपडा, त्यावर फ्लीस म्हणजे लोकरीसारखं उबदार जाकीट, त्यावर वारा अडवणारं जाकीट, आणि सुती काहीही नको. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं, थंडीत ते अंगातली ऊब ओढून घेतं, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर "सुतीच घाल गं" ऐकलेल्या बाईनं हे कोणत्या तोंडानं घरात सांगायचं? आत घालायचा टीशर्ट सिंथेटिक आहे हे मी सासूबाईंना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

बुटांचं लपवता आलं नाही. नवे बूट थेट डोंगरावर घातले तर पायाला फोड येतात, म्हणून ते आधी घरी घालून रुळवायचे असतात. स्वयंपाकघरात पायताण चालत नाही, देवघर तिथेच, हॉलमध्ये फरशी नुकतीच पुसलेली. राहिली गच्ची. तेव्हा पोलके, साडी आणि खाली ते घोट्यापर्यंतचे तपकिरी बूट अशा थाटात मी कपडे वाळत घालायची. समोरच्या गच्चीवरच्या भाभीजींनी पहिल्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीच टाकून बसल्या.

मग वजनाचा सराव. सॅकमध्ये आठ किलो गहू भरायचे आणि पहाटे फिरायचं. कॉलनीतल्या चौकात दूधवाला रोज सांगायचा, "भाभीजी, चक्की तो पीछे रह गई." एका रविवारी सगळ्या मिळून रालामंडलची टेकडी चढलो. वर जाऊन एकीनं सॅक उघडली, तर गव्हाऐवजी पोहे, शेव, जिरावन आणि कापलेला कांदा. तिचा सराव सगळ्यांना आवडला. उतरताना तिचं वजन पाठीवरून पोटात गेलेलं होतं आणि तिच्याइतकं हलकं कोणीच चालत नव्हतं.

डॉक्टरांचा दाखला हे खरं प्रकरण नव्हतं. आमचे डॉक्टर माझ्या लग्नाआधीपासून या घराचे. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, "शेव कमी करा" म्हणाले आणि सही केली. उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल मी विचारलं, तेव्हा सल्फाची ॲलर्जी नाही ना याची त्यांनी खात्री केली. जाता जाता त्यांनीही केदाराला वाहायला अकरा रुपये दिले.

इंदूरहून डेहराडून रेल्वेनं, पुढे मसुरी, पुरोला, मोरी अशी दिवसभराची गाडी. त्या वळणांबद्दल मी काही लिहिणार नाही. भिशीतल्या काहीजणी हे वाचणार आहेत.

सांक्रीला, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या गावी, पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मला वाटलं, आता गरम चहा आणि गोधडी. समोर टेबल आणि टेबलामागे आमचा ट्रेक लीडर. तिथल्याच गावचा, माझ्या मुलाच्या वयाचा, आणि सीए फायनलला बसवणाऱ्याइतका गंभीर. आधी फॉर्म. मी माझ्या जबाबदारीवर जात आहे, काही झाल्यास तक्रार करणार नाही, वगैरे. संपर्काचा नंबर म्हणून सगळ्यांनी नवऱ्याचा दिला. एकीनं ब्यूटीपार्लरवालीचा दिला, कारण "हे फोन उचलतच नाहीत, ती एका रिंगमध्ये उचलते."

मग रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला ऑक्सिमीटर. यंत्र काही दाखवेना. त्यानं माझं बोट दिव्याखाली धरलं आणि एकदम म्हणाला, "आंटीजी, नेलपॉलिश!" इतक्या गडद रंगातून उजेड आरपार जात नाही म्हणे. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एकाच बाटलीतून मरून रंग लावला होता, ग्रुप फोटोत शोभावा म्हणून. रिमूव्हर कोणाकडेच नाही. शेवटी त्यानं एकेकीचं बोट आडवं करून यंत्रात घातलं. गार पडलेलं बोट काखेत धरून गरम करायचं आणि आडवं करून आत सरकवायचं. त्र्याण्णव आलं तेव्हा मला दहावीच्या निकालापेक्षा बरं वाटलं.

बीपीची हद्द १४०–९०. माझं पहिलंच आलं १५२. "पंद्रह मिनट शांति से बैठिए," तो म्हणाला. आमच्या भिशीत पंधरा मिनिटं शांतता! मला बिचारीला कोपऱ्यात बसवून या बाकीच्या जणी माझं बीपी कशानं वाढलं यावर चर्चा करत बसल्या. सून, स्वयंपाक, सांक्रीचा रस्ता, सगळं निघालं. शेवटी त्यानं मला बाहेर पायरीवर नेलं आणि तिथे मोजलं. १३६ भरलं.

आणि मग सॅक. खेचरावर द्यायची तर नऊ किलोच्या आत. माझी काट्यावर साडेतेरा भरली. त्यानं माझ्यादेखत एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. शेकायची रबरी पिशवी बाहेर. जीन्स बाहेर. छत्री बाहेर, वर पोंचो म्हणजे अंगावरून घ्यायचा ढगळ रेनकोट हवा म्हणून. सुती गाउन, दोन, बाहेर. ह्यांनी हौसेनं ऑनलाइन मागवलेली घडीची खुर्ची बाहेर. शेवेची पिशवी त्यानं हातात तोलली, वास घेतला आणि टेबलावर स्वतःच्या बाजूला ठेवली. यावर मी काही बोलले नाही, आत बीपी मशीन चालूच होतं.

तळाशी हात घातला तर नारळ. मी सारवासारव सुरू केली, सासूबाई, केदार, घरातला गैरसमज. त्यानं नारळ बाहेर काढला, कपाळाला लावला आणि परत आत ठेवला, कपड्यांच्या मधोमध, नीट गुंडाळून. "ऊपर महादेव हैं, माताजी. यह तो जाएगा." चार पैसे खर्चून आणलेलं सगळं बाहेर आणि यादीत नसलेली एकच वस्तू आत!

सासूबाईंना हे कळवायला माझ्या फोनला रेंज नव्हती. मोरीपासूनच गेली होती. मी रेंज शोधलीही नाही.