आईच्या डब्यातली पिवळी गोळी

आमच्याकडे एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात आईबाबांची औषधं असतात. दिवाळीत घरी गेलो तेव्हा सहज म्हणून तो डबा पलंगावर पालथा केला. अर्ध्या स्ट्रिप्स कात्रीने कापलेल्या, कुठे नाव गेलंय कुठे तारीख गेलीय, आणि आईची ओळखायची पद्धत म्हणजे गुलाबी ती साखरेची, पांढरी छोटी ती थायरॉइडची, पिवळी ती पित्ताची. पिवळी म्हणजे पॅन्टोप्रॅझोल 40. ही कधीपासून घेतेस विचारलं तर म्हणाली, "ऑपरेशनपासून."

ऑपरेशन 2018 चं!! पित्ताशयाचं. डिस्चार्जचा कागद तिने जपून ठेवलेला, देवाच्या फोटोमागे, त्यावर स्वच्छ लिहिलंय, सकाळी एक, पाच दिवस. आई पाच दिवसांवरून काही वर्षांवर कशी गेली? तर तिचं लॉजिक असं की पित्ताची पिशवीच काढली म्हणजे आता पित्ताची गोळी कायमची घ्यावी लागणार. मी हसलो, पण खरं सांगतो, हे तिला कुणी समजावलंच नव्हतं. आपल्या भाषेतच गोची आहे. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. पित्ताशयात असतं ते यकृताचं पित्त आणि ही गोळी कमी करते ते जठरातलं ॲसिड, दोन्ही वेगळी. पिशवी काढली म्हणून ॲसिडची गोळी जन्मभर लागत नाही.

आणि मेडिकलवाला दर महिन्याला देत होता. पाकिटावर आर-एक्स छापलेलं असतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पण काकू नेहमीच्या गिऱ्हाईक, चिठ्ठी कोण मागतंय. मी फक्त त्याला दोष देत नाहीये, मी स्वतः दोनतीनदा पुण्याहून पंधरा-पंधरा गोळ्या नेऊन दिल्यात.

आता माझा मूर्खपणा ऐका. त्याच आठवड्यात कुठल्यातरी ग्रुपवर "ही गोळी किडनी खाते" असा मेसेज आला होता, मी तावातावाने सगळ्या पिवळ्या गोळ्या उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. आजपासून बंद! चौथ्या दिवशी आईचा फोन, रात्री झोप नाही, घशापर्यंत आंबट येतंय, छातीत आग. ती म्हणाली, "बघ, मला लागतेच ती गोळी." आणि मलाही ते पटलं, इथेच सगळे फसतात.

मग डॉक्टरांकडे नेलं. आधी त्यांनी ईसीजी काढला, कारण या वयात छातीतली जळजळ म्हणजे ॲसिडिटीच असं घरी बसून ठरवायचं नसतं, तो नॉर्मल आला. नंतर माझी हजेरी घेतली. "काय हो, एवढ्या वर्षांची गोळी एका दिवसात बंद करायला कोणी सांगितलं?" त्यांनी सांगितलं ते असं की जठराच्या अस्तरात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, ही गोळी ते पंप बंद पाडते. शरीराला वाटतं ॲसिड कमी पडतंय, म्हणून ते तयारी वाढवून ठेवतं, आणि गोळी अचानक थांबली की ती सगळी तयारी एकदम उसळते. घरी येऊन मी वाचलं, 2009 मध्ये डेन्मार्कमध्ये पोटाचा काहीही त्रास नसलेल्या धडधाकट लोकांना आठ आठवडे याच जातीची गोळी देऊन थांबवली, तर 44 टक्के लोकांना नंतर ॲसिडिटीचा त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत तो आकडा 15. म्हणजे ज्यांना आजारच नव्हता त्यांना गोळी सोडल्यामुळे झाला.

आईला मग एक दिवसाआड, नंतर तीन दिवसांनी, मधे जळजळलं तर साधं पातळ औषध, असं करत दीड महिन्यात सोडवली. पायाला मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं तर बी-12 खूपच कमी. आता त्यात दोष एकट्या पिवळ्या गोळीचा नाही, आई शुद्ध शाकाहारी, वर साखरेची मेटफॉर्मिन, तीसुद्धा बी-12 कमी करते. पण अन्नातलं बी-12 सुटं व्हायला ॲसिड लागतं आणि ते आपणच वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं. ही गोळी फार काळ घेतली की मॅग्नेशियमही उतरू शकतं म्हणून डॉक्टरांनी तेही बघितलं, ते सुदैवाने ठीक होतं. किडनीचं म्हणाल तर तो मेसेज भडक होता पण अगदीच हवेतला नव्हता, 2019 मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनीच या गोळ्यांच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक इजा होऊ शकते असं घालायला सांगितलंय. क्वचित होतं. पण क्वचित होणारी गोष्ट विनाकारण का ओढवून घ्यायची.

आणि इतकी वर्षं घेतली ती धड घेतलीसुद्धा नाही. चहा-खारी झाली की मग गोळी. अहो, पंप सुरू होतात जेवणाने, म्हणून गोळी खाण्याआधी अर्धा तास पोटात हवी, नंतर घेतली तर तिचा जोर कमी पडतो. एकादशीला तर गोळी घेऊन नुसतं पाणी, आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी. शेजारच्या आजींना गिळता येत नाही म्हणून त्यांची सून हीच गोळी कुटून दुधातून देते, तिला सांगितलं की बाई, वरचं आवरण ॲसिडमध्ये टिकावी म्हणूनच दिलंय, ते फोडलंस तर राहिलं काय. डॉक्टरांना विचार, दुसरं काहीतरी देतील.

आता खरी गंमत. आई बरी झाल्यावर तिचा उत्साह एवढा वाढला की बाबांची गोळी बंद करायला निघाली. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू, वय 76. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून त्यांना तीच पिवळी गोळी मुद्दाम दिलीय. एकच डबा, एकच रंग, एकीला नको आणि एकाला हवीच. तिथेसुद्धा याच जातीची दुसरी गोळी, ओमेप्रॅझोल, नाही, पॅन्टोप्रॅझोलच, कारण ओमेप्रॅझोलने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणजे दुकानात "ती नाही, ही घ्या, सारखीच आहे" म्हणाले तरी बाबांच्या बाबतीत सारखी नाही.

म्हणून माझा राग गोळीवर नाहीच. अल्सरने माणसं ऑपरेशन टेबलवर जायची तो काळ या गोळ्यांनी मागे टाकलाय. राग आहे तो "किती दिवस?" हे न विचारण्यावर, आणि त्यात मी पहिला, कारण त्या डिस्चार्जच्या वेळी फाइल घेऊन काउंटरवर मीच उभा होतो, बिलावरचे सगळे आकडे दोनदा तपासले आणि हे विचारलं नाही.

काळी शी, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, यातलं काही असेल तर मात्र ही पोस्ट वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. गोळीने जळजळ थांबते आणि आतलं दुखणं झाकलं जातं.

डब्याचे आता दोन डबे केलेत. बाबांच्या डब्यावर मार्करने लिहिलंय, "पिवळी, बंद करू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय". आईच्या डब्यात पिवळी नाही. सकाळचा रिकाम्या पोटी चहा काही सुटलेला नाही, त्यावर आमचं रोज फोनवर भांडण चालू आहे.