येथे पिको करून मिळेल

"काय बिघडलंय म्हणालास?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"क्लॉक. दोनेकशे पिकोसेकंद इकडेतिकडे होतंय."

आईचा सगळा संसार ठाण्यात, नौपाड्यात झाला. पिको म्हटलं की तिला एकच गोष्ट आठवते. "मग गोखले रोडवर टाक की. संध्याकाळपर्यंत देतात. फॉलसकट."

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत एफपीजीएचे बोर्ड करतो. एफपीजीए म्हणजे अशी चिप, जिच्या पोटातलं सर्किट आपणच लिहायचं, हवं तेव्हा बदलायचं. त्यामुळे बिघडलं तर बोट दाखवायला दुसरं कुणी उरत नाही. आमच्या बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी एक ठोका. (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, पिकोसेकंद त्याचाही हजारावा.) तो ठोका जागेवर पडत नव्हता.

नुसता उशीर असता तर चाललं असतं. लोकल रोज नेमाने चार मिनिटं उशिरा आली, तर आपणही घरून चार मिनिटं उशिरा निघतो. पण आज दोन मिनिटं आधी, उद्या पाच मिनिटं नंतर, असं झालं की दहा नंबरच्या जिन्यावरून धावत उतरणाऱ्याचं काय होतं? हा जिटर. डेटा पकडणारा फ्लिप-फ्लॉप हा त्या जिन्यावरचा माणूस. आमचा दिवसातून पाच-सहा वेळा गाडी चुकवायचा आणि स्क्रीनवर भलताच आकडा उमटायचा.

सॉफ्टवेअर वेळेचा हिशोब तपासून जो टायमिंग रिपोर्ट देतं, त्यात मात्र सगळं हिरवंगार. रिपोर्टला आपण सांगितलेला जिटर कळतो, असलेला कळत नाही.

स्कोपवर, म्हणजे सिग्नलची रेघ दाखवणाऱ्या यंत्रावर, पर्सिस्टन्स लावला; त्यात जुन्या रेघा पुसल्या न जाता एकावर एक साचतात. क्लॉकची कड बारीक रेघेसारखी दिसायला हवी. ती घामाने फिसकटलेल्या गंधासारखी दिसत होती. ७०० पिकोसेकंद! साहेबांनी आकडा ऐकला आणि हातातला चहा खाली ठेवला. लॅबमधले काका मात्र प्रोबकडे, म्हणजे स्कोपची जी सुई बोर्डाला टेकवतात तिच्याकडे, बघत होते.

"ही शेपटी कसली लोंबतेय?"

शेपटी म्हणजे प्रोबची ग्राउंडची वायर, वीतभर लांब, टोकाला क्रोकोडाइल क्लिप. तिचा जो फेरा होतो तो शेजारच्या पॉवर सप्लायची सगळी खरखर गोळा करतो आणि आपण ती क्लॉकच्या नावावर मांडतो. काकांनी वायर काढून प्रोबच्या नाकाशी नखाएवढी स्प्रिंग बसवली. ७०० चे ४०० झाले. सोल्डरिंग नाही, कोड नाही. मी तीन दिवस माझ्याच वायरीवर उपचार करत होतो.

उरलेले ४०० खरे होते. क्लॉक हवा तेव्हा थांबवता यावा म्हणून मी त्याच्या वाटेत एक अँड गेट घातलं होतं. त्यामुळे क्लॉक राखीव मार्ग सोडून बाकीच्या सिग्नलच्या गर्दीतून, धक्के खात जायचा. गेट काढलं, क्लॉक एनेबल वापरला; म्हणजे क्लॉक चालूच ठेवायचा आणि फ्लिप-फ्लॉपलाच 'आत्ता घेऊ नकोस' म्हणायचं. एका क्लॉकवरून दुसरा क्लॉक घडवणारे पीएलएल एकामागे एक दोन लावले होते, त्यातला एक उडवला. वीजपुरवठा स्थिर ठेवणारे कपॅसिटर वाढवले. इतकं करून जिटर ३५० वर ठाण मांडून बसला.

पुढचे दहा दिवस सांगण्यासारखे नाहीत.

मग एका शुक्रवारी कंटाळून मी डीबगचे पिन बंद केले आणि जिटर ९० वर आला. चालू केले, ३५०. बंद, ९०. जिटर सापडावा म्हणून मीच एक काउंटर सोळा पिनांवर बाहेर काढला होता: सगळ्यात जास्त करंट, सगळ्यात वेगवान कड, आणि बँक, म्हणजे पिनांचा गट, तीच, जिच्यात क्लॉक आत येतो. पंगतीतले सोळाजण एका झटक्यात उठले की सतरंजी सरकते आणि सतराव्याची मठ्ठ्याची वाटी लवंडते. इथली सतरंजी म्हणजे चिपचं ग्राउंड, ज्याला शून्य धरून सगळे व्होल्ट मोजतात. ते उसळलं की क्लॉक शून्य की एक, हे ठरवणारी पातळीही हलते आणि कड मागेपुढे वाटते. म्हणजे मूळ दुखणं गेट काढलं तेव्हाच बरं झालं होतं. नंतरचा ताप थर्मामीटरला होता.

पिन दुसऱ्या बँकेत हलवले, करंट कमी केला, कडा संथ केल्या. साहेबांना "ग्राउंड बाउन्स होता" एवढंच सांगितलं. कुणामुळे, हे त्यांनी विचारलं नाही. काका खोकले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "झालं का रे तुझं पिको?"

"झालं."

"किती दिवस लावले?"

"तीन आठवडे."

"अगं बाई! लग्नसराईतसुद्धा इतके लावत नाहीत."