तेराव्या नंबराचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

म्हापशाहून लिहिणाऱ्या वाचकमित्रास,

नमस्कार. नाशिकचा वल्हेकरी (रोइंगपटू) दत्तू भोकनळ याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ओशाळलो, तिसऱ्यांदा वही घेऊन बसलो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: लेख म्हणजे रडगाणं आहे. ऑलिंपिकमध्ये तेरावा आलेला आणि आशियाई स्पर्धेत भर शर्यतीत थांबलेला माणूस 'वीर' कसा? आशियाई सुवर्णपदक मी त्याच्या एकट्याचं असल्यासारखं लिहिलंय. आणि शेवटचा, 'गोव्यात बसून नाशिकच्या माणसाचे एवढे गोडवे कशाला?'

पदकाचं आधी निस्तरतो, कारण तिथे तुमचं सोळा आणे बरोबर आहे. २४ ऑगस्ट २०१८ ला आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेमबांगला, मिळालेलं सुवर्ण चौघांच्या होडीचं, क्वाड्रुपल स्कल्सचं होतं. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू; वेळ ६:१७.१३. स्वर्ण सिंग तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एकेरीत सोळावा आलेला गडी, आणि मी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ही चूक माझीच. वाक्य दुरुस्त केलंय.

रडगाण्याचा आरोप निम्मा कबूल. चांदवड तालुक्यातलं दुष्काळी तळेगाव रोही, विहिरी खणणारे बापलेक, २०११ मध्ये गेलेले वडील, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली आई, हे सगळं खरं आहे. पण मी त्यावर तीन परिच्छेद खर्च केले आणि वल्ह्यावर एक ओळ लिहिली नाही. कारण सोपं आहे. गरिबीवर लिहायला अभ्यास लागत नाही. माणूस सात मिनिटं पाण्यावर नेमकं काय करतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते आता लिहितो, म्हणजे तेराव्या नंबराचंही बोलता येईल.

२००० मीटरची सरळ शर्यत. सिंगल स्कल्समध्ये एक माणूस, दोन वल्ही. होडी आठेक मीटर लांब, पाण्याशी जेमतेम फूटभर रुंद, वजन नियमाप्रमाणे किमान १४ किलो. आपल्या होडीत माणूस निवांत उभा राहून जाळं फेकतो. इथे वल्ह्यांचाच तोल असतो, ती सुटली की होडी कलंडते. बैठक रुळांवर मागेपुढे सरकते आणि जोर हातांपेक्षा पायांचा लागतो. आणि बसायचं ते अंतिम रेषेकडे पाठ करून. त्यामुळे पुढे असणाऱ्याला मागचे सगळे दिसतात, आणि जो शेवटचा असतो त्याला समोर नुसतं पाणी दिसतं.

लेख लिहिल्यानंतर, तुमच्यामुळेच म्हणा, पणजीतल्या एका जिममध्ये रोइंग मशीनवर २००० मीटर ओढून पाहिले. दहा मिनिटं आणि वर काही सेकंद. पहिले पाचशे मीटर मी बढाईत मारले, त्याची फेड पुढच्या पंधराशेत झाली. उतरलो तो जमिनीवरच आडवा. तिथल्या पोराने पाणी आणून दिलं आणि वर विचारलं, 'अंकल, कोणाला फोन करू?' मशीनला वारा नसतो, लाट नसते, ते कलंडत नाही. दत्तूची रिओमधली सगळ्यात चांगली वेळ ६:५४.९६ होती.

आता तेरावा. रिओच्या एकेरीत ३२ जण होते. दत्तू भारताचा एकटाच. प्राथमिक शर्यतीत तिसरा येऊन तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे चार शर्यती, प्रत्येकीत सहा होड्या, आणि पहिले तीनच वर जाणार. दत्तू चौथा आला. एका जागेने हुकलं. क्रिकेटचा संघ अशा वेळी सामान आवरून विमानात बसतो. वल्हेकऱ्याला मात्र तेराव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे नंबर ठरवायला आणखी दोनदा पाण्यात उतरावं लागतं. म्हणजे चौथा आल्यावर त्याला मिळू शकणारा सगळ्यात वरचा नंबरच तेरावा होता, आणि तेराव्यापासूनचे नंबर ठरवणारी 'सी' फायनल पहिल्या क्रमांकाने जिंकून त्याने तो घेतला. उपांत्यपूर्व फेरीत त्याला ६:५९.८९ लागले होते. पदक हातचं गेल्यानंतरची ही शेवटची शर्यत त्याने त्याहून पाच सेकंदांनी लवकर संपवली. (वारा-पाणी रोज बदलतं, त्यामुळे दोन दिवसांच्या वेळा तागडीत तोलू नयेत, हे मान्य. तरीही.) वर मात्र अंतर मोठं होतं, तेही सांगतो: सुवर्ण घेणारा माहे ड्रायस्डेल आणि रौप्यवाला दामिर मार्टिन, दोघांची वेळ ६:४१.३४, फोटोवरून निकाल लावावा लागला. दत्तूला कोणी पदकाच्या दारातून परत पाठवलं असं मी म्हणत नाही. तेरावा नंबर त्याने शर्यत जिंकून मिळवला, एवढंच म्हणतो.

तुमचा पालेमबांगचा मुद्दा सगळ्यात अवघड, आणि मूळ लेखात मी तो चक्क गिळला होता. २३ ऑगस्टला एकेरीची अंतिम शर्यत झाली. दत्तू शेवटचा आला, जिंकणाऱ्याच्या मिनिटभराहून जास्त मागे. प्रकृती बरी नव्हती, असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चौघांच्या होडीत सुवर्ण जिंकतो. तुमच्या मनात पाल चुकचुकली तर त्यात गैर काही नाही, महासंघाच्याही चुकचुकली. शर्यत मुद्दाम अर्धवट सोडल्याचा ठपका ठेवून मार्च २०१९ मध्ये भारतीय नौकानयन महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठवली.

मी आधी असा युक्तिवाद लिहून काढला होता की चौघांच्या होडीत एक जण ढिला पडला असता तर ६:१७ वल्हवून झालेच नसते, म्हणजे त्याने आदल्या दिवशीचं दुखणं दाबून जीव ओतला. मग लक्षात आलं, हा युक्तिवाद दुधारी आहे. तो इतका ताजातवाना होता तर आदल्या दिवशी थांबला कशाला, असंही त्यातून विचारता येतं. तेव्हा तो खोडला. त्या दिवशी त्याच्या अंगात काय होतं हे म्हापशाहून तुम्हाला कळणार नाही, साखळीहून मला नाही. शिक्षा मात्र मला जड वाटली, आणि अजून वाटते. ऑलिंपिकला जेमतेम सव्वा वर्ष उरलेलं, माणूस २७-२८ वर्षांचा, म्हणजे वल्हेकऱ्याची ऐन उमेद. अशा वेळी त्याला पाण्याबाहेर बसवणं म्हणजे पुढची पेरणीच हुकवणं. बंदी उठल्यावर कोविडने टोकियो वर्षभर पुढे ढकललं, तरी त्याचं टोकियो झालं नाही. तिथे गेलेले अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग हलक्या वजनाच्या दुहेरीत अकरावे आले; 'तेरावा' हा भारतीयांचा सर्वांत वरचा नंबर तेव्हापासून राहिलेला नाही, हेही लेखात घातलंय. २०२० मध्ये दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला. बंदीही त्याच वर्षी उठली होती. एका माणसाच्या खात्यावर एकाच सालात या दोन नोंदी!

राहिला गोवा. आपल्याकडे होडी एक तर देवाची, नाही तर मासळीची, नाही तर पर्यटकांची. मांडवीत कॅसिनो नांगर टाकून बसलेत, चोडणच्या फेरीबोटीला रांग लागते, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला आमच्या साखळीतल्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत पोरं हाताने घडवलेल्या नक्षीदार होड्या सोडतात. थर्माकोलपासून काय काय वापरतात आणि परीक्षक कसे रात्री उशिरापर्यंत वाद घालतात, ते एकदा येऊन बघा. एवढं पाणी अंगणात असून वल्हं मारणं हा खेळ आहे, हे आमच्या कानावर कधी आलंच नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात नौकानयनही होतं. मी गेलो नाही. क्रिकेटचा विश्वचषक चालू होता, मी टीव्हीसमोर होतो. तुम्ही गेला होतात का?

आणि ज्या गावात पाण्यासाठी विहीर खोल खोल खणावी लागते, तिथला पोरगा २०१२ मध्ये लष्करात भरती होतो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या अभियंता दलात) येतो, तिथे पुण्यात पहिल्यांदा वल्हं धरतो आणि चार वर्षांत रिओला पोचतो. हे मला गोव्यात बसूनच जास्त टोचलं. नाशिकमध्ये असतो तर अभिमान वाटून मोकळा झालो असतो.

लेखात आता पदकाचं वाक्य बदललंय, पालेमबांगची बंदी घातलीय, आईवरचा परिच्छेद निम्मा केलाय आणि 'वीर' शब्द काढलाय. शीर्षक तेच ठेवलंय, त्यावर तुमचं काही म्हणणं असेल तर इथे लिहू नका. पुढच्या त्रिपुरारीला साखळीला या, उरलेलं भांडण होड्या बघत पुरं करू.