निवृत्त पोलीस अधिकारी आणि 'दोन वर्षांची अट': खुलासा

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला दोन वर्षे गोवा विधानसभा लढवता येत नाही, असा मजकूर फिरतोय. हे चुकीचे आहे. कायद्यात अशी अट नाही. ती घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली. पेन्शन हे लाभाचे पदही (म्हणजे उमेदवारीला अपात्र ठरवणारे सरकारी पद) नव्हे. पाच वर्षांची बंदी आहे ती भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी यासाठी बडतर्फ झालेल्यांना.

खरी अडचण वेगळी. स्वेच्छानिवृत्तीचा नुसता अर्ज पुरत नाही, उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवसापूर्वी ती मंजूर होऊन पदातून मुक्तता झालेली हवी. प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, गेल्या दहा वर्षांत सरकारी क्वार्टर वापरले असल्यास भाडे, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचे दाखले जोडावे लागतात. पोलिसांचे नेमके इथेच अडते, कारण बदल्या अनेक आणि क्वार्टरही अनेक. रकाने कोरे सोडू नयेत. नोटीस मिळूनही भरले नाहीत तर उमेदवारी अर्ज बाद होतो.

अनामत १०,००० रुपये. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक (नाव सुचवणारे मतदार) लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. डिचोलीचा मतदार काणकोणात उभा राहू शकतो, फक्त मतदारयादीतील नोंदीची प्रमाणित प्रत सोबत हवी.